ज्या पाहणीला माझं नाव नाही

बाजाराचा दिवस होता आणि आमच्या खरेदी केंद्राचं अंगण रिकामं होतं. टोपल्या भिंतीशी उपड्या पडलेल्या. भट्टी मात्र सकाळपासून पेटलेली. वरच्या ड्रममध्ये पाणी खदखदत होतं आणि वाफ द्यायला जवळ एक कोसा नव्हता. नेमक्या त्याच वेळी नागपूरहून शेठची जीप दारात येऊन थांबली.

"दशरथ, माल कुठे आहे?"

"येईल, शेठ."

"हेच तू पोळ्याला म्हणाला होतास."

मी वाकून भट्टीतलं एक लाकूड मागे ओढलं.  

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच होता. आरमोरीच्या अलीकडे सडकेला लागून आमच्या पेढीचं केंद्र होतं. मी तिथला खरेदीदार. आम्ही कोसा घ्यायचो.

कोसा म्हणजे रानातलं रेशीम. ऐनाच्या झाडावर एक अळी वाढते. पोट भरलं की ती स्वतःभोवती धागा गुंडाळून कोंबडीच्या अंड्याएवढं कठीण फळ करते. त्या फळातून धागा निघतो. पण आतला जीव पतंग होऊन बाहेर पडला तर फळाला भोक पडतं आणि धाग्याचे तुकडे होतात. म्हणून घेतलेल्या फळांना वाफ द्यायची. आतला जीव वाफेनं मरतो, फळ अखंड राहतं. आदल्या वर्षापर्यंत आम्ही माल नागपूरला पाठवून तिथे वाफ द्यायचो. वाटेत पतंग निघायचे आणि पेढीचं नुकसान व्हायचं. म्हणून यंदा केंद्रावरच भट्टी बसवली होती.

कोसा पिकवणारे आमच्याकडचे ढीवर. तलावात, वैनगंगेत मासे धरणारे लोक. पावसाळ्यात आणि त्यानंतर ते रानात ऐनाच्या झाडांखाली झोपडी बांधतात आणि अळ्यांची राखण करतात. गोफण घेऊन पाखरं उडवायची, मुंग्या झटकायच्या, एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्यावर न्यायच्या. ते दिवस मोठ्या कडक पाळणुकीचे. मासोळी खायची नाही, दाढी करायची नाही, मयताच्या घरी पाऊल टाकायचं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. मी याच भागातला. बाजारात पोती उचलता उचलता मी खरेदीदार झालो. मला कुणी शिकवलं नाही आणि कुणी चिठ्ठी देऊन नोकरीला लावलं नाही.

येनटोला हे आमचं सगळ्यांत मोठं गाव. तिथले ढीवर यंदा पहिल्या बाजारानंतर आमच्याकडे फिरकत नव्हते. टोपल्या डोक्यावर घेऊन ते नदीवर जायचे, डोंग्यानं पलीकडे उतरायचे आणि ब्रह्मपुरीकडच्या एका व्यापाऱ्याला माल द्यायचे. त्याचा भाव आमच्यापेक्षा कमी होता. मी भाव वाढवला. पुन्हा वाढवला. लोक डोंग्यातच बसत राहिले.

मी गावात जाऊन घरोघर विचारलं, "काऊन येऊन नाई राह्यले बाप्पा?"

"येतो ना जी, दशरथभाऊ."

"कवा?"

"येतो ना."

गावचा म्हातारा लटारू. त्याचा शब्द सगळं येनटोला मानायचं. त्याला मी सरळच विचारलं, "तो पलीकडचा दारू पाजते का तुमाले?"

लटारू माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "किड्याच्या दिवसात दारू? भाऊ, तुमी इथलेच ना?"

मी तिथून तापून निघालो. माझी खात्री झाली की पलीकडच्यानं काहीतरी आगाऊ देऊन त्यांना बांधून घेतलंय.

जीप आली त्या बाजाराच्या दिवशी शेठला हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी एका माणसाला पाठवतो आहे. दामले. कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. त्यांना खेड्यांचा अभ्यास करायचाच आहे. ते येनटोल्यात राहतील आणि काय आहे ते शोधतील."

"शेठ, माझी उमर या बाजारात गेली."

"म्हणूनच. तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं."

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. दिवाळीपर्यंत माल सुरू झाला नाही तर हे केंद्र बंद. सुरू झाला तर नदीच्या या अंगाची सगळी केंद्रं एका व्यवस्थापकाच्या हाताखाली येतील. ती जागा मला द्यायचा शब्द त्यांनी पूर्वी दिला होता. आज मात्र 'तुला' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. मी कान देऊन ऐकत होतो.

दामले मोटारीतून उतरला तेव्हा त्याच्यापाशी एक वळकटी आणि एक छत्री होती. वयानं माझ्याहून बराच लहान. बोलणं हळू. मी म्हटलं, "कागद, शाई, फॉर्म काही आणले नाही?"

"लागले तर आणू," तो म्हणाला. "आधी थोडे दिवस नुसता बसतो."

बसायचा पगार मिळतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी तो आमच्याकडे जेवला. माझी बायको कौतिका, तिनं लाखोळीच्या डाळीचे वडे केले. दामलेनं एक वडा तोडला आणि विचारलं, "वहिनी, डाळ किती वेळ भिजवता?" झालं. ती चुलीपुढून उठून दारात येऊन बसली. डाळ, पाटा, तिची आई, आईचं गाव, त्या गावचा तलाव, सगळं निघालं. मी जेवून हात धुतले तरी ती बोलतच होती.

तो गेल्यावर मी म्हणालो, "इतकं काय बोलाचं परक्या माणसासंगं?"

"त्यानं इचारलं म्हनून बोलली," ती म्हणाली. "तुमी कवा इचारलं का वडा कसा करते? तुमी इचारता, झाला का."

येनटोल्यातही तेच. आठवड्यानं मी चक्कर टाकली तेव्हा हा गृहस्थ तलावाच्या पाळीवर बसलेला. लटारू जाळं सांधत होता आणि जाळ्याचं एक टोक दामलेच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं होतं. गावात पोट्ट्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्याला 'मास्तर, मास्तर' करत होते. मला बघून लटारूनं नुसती मान हलवली. एवढी वर्षं मी या माणसाचा माल घेतो. लग्नात त्याच्या पोरीला लुगडं दिलं. अंगठ्यात जाळं अडकवायला त्यानं मला कधी सांगितलं नाही.

मी दामलेला बाजूला घेतलं. "लागला का काही पत्ता?"

"अजून विचारलं नाही."

"काय नाही विचारलं?"

"का येत नाही, ते."

माझं डोकं भडकलं. "मग आठ दिवस करता काय इथं?"

तो शांतपणे म्हणाला, "दशरथभाऊ, 'का' असं विचारलं की माणूस आपल्याला आवडेल ते उत्तर देतो, किंवा टाळतो. तुम्हाला सगळ्यांनी 'येतो ना' म्हटलं की नाही? मी विचारतो, काल उठल्यापासून काय काय केलंत? मग तो सांगत जातो. किती लोक येत नाहीत हे मोजून कळतं. का येत नाहीत हे असं सांगण्याच्या ओघात निघतं. कधी ते त्याचं त्यालाही आधी माहीत नसतं."

"आणि नाही निघालं तर?"

"तर आणखी बसायचं."

आज याला गुणात्मक संशोधन म्हणतात. माझ्या जावयानं मला हा शब्द सांगितला. म्हणजे आकड्यांत न मावणारं जे असतं, माणसाची रीत, भीती, लाज, सवय, ते ऐकून आणि बघून समजून घ्यायचं. मी जावयाला म्हटलं, यात नवीन काय आहे? मुलगी द्यायची असली की आपण त्या घरची शेती विचारतो, ते मोजमाप झालं. पण त्याच गावातल्या एखाद्या मावशीला पाठवून ती सासू विहिरीवर कशी बोलते हेही काढतो. ते हेच. मी बाजारात जन्मभर हेच केलं. टोपली खाली ठेवून भाव विचारणारा माणूस विकून जाणार. टोपली डोक्यावरच ठेवून विचारणारा पुढच्या दुकानात जाणार. कापडाचा भाव करताना बाईचा हात पदराच्या गाठीकडे गेला की भाव ठरला. हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं? पण मी केलं तर ती दलाली आणि दामलेनं केलं तर तो अभ्यास.

हे मी त्याला त्या पाळीवर ऐकवलंसुद्धा. त्यावर तो म्हणाला, "खरं आहे. फरक एवढाच, की तुम्हाला भाव पाडायचा असतो. मला काही घ्यायचं नसतं, म्हणून ते मला जास्त सांगतात."

मी तडक घरची वाट धरली. 

पुढच्या भेटीला शेठ आले तेव्हा दामले केंद्रावर हजर होता. आम्ही तिघं ओसरीत बसलो.

"पलीकडच्यानं कुणाला बांधून घेतलेलं नाही," दामलेनं सुरुवात केली. मी खुर्चीत जरा सरकलो. "दारू नाही, आगाऊ नाही. या लोकांची अडचण तुमच्या भावाशी नाहीच. तुमच्या दारातल्या भट्टीशी आहे."

"भट्टीशी?" शेठ म्हणाले.

"पहिल्या पिकाचा माल विकायची आणि दुसऱ्या पिकाची पाळणूक सुरू व्हायची वेळ एकच आहे. घरात अंडी असतात, रानात बारीक अळ्या असतात. टोपली घेऊन आलेला माणूस इथून परत रानात जातो. तुमच्या अंगणात त्याच्या डोळ्यांसमोर कोशातले जीव मरतात आणि ती वाफ त्याच्या अंगावर येते. त्याच्या लेखी तो मयताच्या घरून आला. तो अळ्यांपाशी जाऊ शकत नाही. पलीकडचा व्यापारी माल गाडीत भरून घेऊन जातो आणि लांब कुठेतरी वाफ देतो."

"पण शेवटी मारतोच ना?" मी म्हणालो. "ते काय त्यांना ठाऊक नाही?"

"मी लटारूभाऊंना हेच विचारलं. ते म्हणाले, 'मरते ते का आमाले ठाऊक नाई, मास्तर? पन त्याचा वाफारा आंगावर घेऊन पोरायपाशी कसा जाव?'"

पोरं म्हणजे अळ्या. ढीवर अळ्यांना पोरंच म्हणतात.

"मग मला काऊन नाही सांगितलं?" माझा आवाज चढला.

"पाळणुकीच्या दिवसांत ते अळ्यांच्या मरणाचं नाव काढत नाहीत. काढलं की ते रानात शिरतं, असं मानतात. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. एका बाईनं परवाचा दिवस सांगताना सांगितलं, की तिचा नवरा चुकून केंद्रावरून गेला, म्हणून त्यानं कपड्यांसकट तलावात बुडी मारली आणि त्या दिवशी रानात दिराला पाठवलं. तिथून धागा लागला. मग लटारूभाऊ बोलले."

ओले कपडे घालून सडकेनं जाणारे येनटोल्याचे लोक मीही बघितले होते. पाळणूक मला लहानपणापासून माहीत होती. म्हणजे दामलेच्या शोधातला अर्धा माल माझ्याच कोठीतला. मी एकाशेजारी एक ठेवून बघितला नव्हता, एवढंच.

शेठ मान डोलावत म्हणाले, "मला आधीपासून शंका होतीच. भट्टी दारात नको होती."

आता इथे मला एक गोष्ट लिहून ठेवलीच पाहिजे. भट्टी दारात बसवा, हा हुकूम शेठचा होता. मी परसात म्हणत होतो, धूर ओसरीत येतो म्हणून. शेठ म्हणाले होते, "सडकेवरून जाणाऱ्याला दिसू दे, आपलं केंद्र कसं आधुनिक आहे ते." मी हे त्या ओसरीत मोठ्यानं बोलून दाखवलं. शेठनी दामलेकडे बघून स्मित केलं, जसं घरातल्या हट्टी म्हाताऱ्याबद्दल पाहुण्यासमोर करतात.

भट्टी हलली. सडकेपलीकडे नाल्याच्या काठी, झाडीआड नेऊन बसवली. दामले कॉलेजात शिकवायला नागपूरला परत गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या बाजाराला बघा."

पुढच्या बाजाराला मी बघितलं. अंगण रिकामं. येनटोल्याचे लोक सडकेनं आले, केंद्रासमोर थबकले, अंगणाकडे नजर टाकली आणि नदीच्या वाटेला लागले.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता. मी घरी येऊन कौतिकाला म्हणालो, "पडला तुझा मास्तर तोंडावर."

ती तांदूळ निवडत होती. "अन् केंद्र बंद झालं तर आपन कुठी जाव?" तिनं विचारलं. "मास्तर तर कालेजात जाईल."

तो आनंद तेवढ्यावर आटोपला.

दुसऱ्या दिवशी मला तलावाजवळच्या वडाखाली लटारूची बायको भागरताबाई भेटली. शिंगाडे विकायला बसली होती. मी मुद्दाम शिंगाडे घेतले. माझ्या मनात एकच होतं, दामले चुकला याचा पुरावा हिच्या तोंडून काढायचा. म्हणून त्याचाच डाव त्याच्यावर खेळायचं ठरवलं. 'का' विचारायचं नाही.

"काय करून राह्यल्या बाई घरी? काल काय काय केलं?"

तिनं मला खालीवर बघितलं. "तुमी बरे आहा ना, दशरथभाऊ?"

"बरा आहो. सांगा ना."

"काल म्हनजे... पाहाटे उठली. अंगन झाडलं. मंग सुनेची गडबड झाली."

"कायची?"

"तिच्या मायेरी मयत झालं. ती आली तशीच, सरळ अंगनात. अंडे घरात हाये बाप्पा! मी आरडली तिच्यावर. तिले न्हायाले धाडलं. मंग तिनं सारं अंगन सारवलं, येशीपर्यंत वाट सारवली."

"तुम्ही नाही सारवलं?"

"मी काऊन सारवू? ज्याच्या पायानं आलं त्यानं पुसाव लागते. मी हजारदा सारवलं तरी ते जाते का?" ती हसली. "तुमी इथलेच ना, भाऊ? तुमाले येवढं ठाऊक नाई?"

हे वाक्य मी त्या मोसमात दुसऱ्यांदा ऐकत होतो. पण या वेळी मला राग आला नाही. शिंगाडे हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो.

भट्टी गेली होती. अंगण तेच होतं. तिथे आलेलं कुणी पुसलं नव्हतं. आणि ते पुसायचं कुणी? ज्यानं आणलं त्यानं. हुकूम शेठचा असेल, पण भट्टी रोज माझ्या हातानं पेटायची. सरपण जास्त जाळतात म्हणून मी मजुरांना हात लावू देत नव्हतो. हे सगळं येनटोला सडकेवरून बघत होतं.

घरी येईपर्यंत मी दोन्ही बाजू तोलल्या. गप्प बसलो तर दामले खोटा पडतो आणि केंद्र बंद होतं. सारवलं तर माल येतो आणि दामले खरा ठरतो. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले. दोन्हीकडून आपलंच जातं असा सौदा तो एकच.

कौतिकाला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर हाये भागरताबाईचं. आमच्या घरीबी असंच."

"मग तूच सारव. तू माझ्याच घरची ना?"

"मी पेटवली का भट्टी?" ती म्हणाली. "शेन-पानी आनून देतो. हात तुमीच लावा."

सकाळी मी धोतर खोचलं आणि केंद्राच्या अंगणात गुडघ्यावर बसलो. मोठं अंगण. सडकेवर वर्दळ. जन्मात कधी सारवलं नव्हतं. कौतिका ओसरीत उभी राहून सांगत होती, "पातळ झालं. उलटा हात फिरवा. अर्धगोल, अर्धगोल करा."

बैलगाडीवाला थांबला. "काय भाऊ, वहिनी रागावल्या का?"

"हाक तुझे बैल!" मी ओरडलो.

माझ्या ओळखीचा एक किराणा दुकानदार सायकलवरून उतरला आणि तोंडावर रुमाल धरून हसत उभा राहिला. मग येनटोल्याच्या बाया आल्या, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या. त्या हसल्या नाहीत. मोळ्या डोक्यावर तशाच ठेवून त्या बघत राहिल्या. त्यांतली एक बोलली, "भाऊ, फाटकापाशी सुटून राह्यलं. तिथीच तं वाफ येत होती."

मी फाटकापर्यंत गेलो. तिथून सडकेपर्यंतची वाटही सारवली. संध्याकाळी माझी कंबर सरळ होईना. कौतिकानं तेल लावता लावता विचारलं, "मास्तराले कळवता का?"

"कशाला?" मी म्हणालो.

पुढच्या बाजाराला सगळ्यांत आधी लटारू आला. दाढी वाढलेली, डोक्यावर टोपली. फाटकाशी थांबला. वाकून जमिनीवर बोट फिरवलं. मग आत आला आणि टोपली माझ्यासमोर खाली ठेवली. खाली ठेवली, म्हणजे विकायला आला होता.

"कवापासून वाट पाहून राह्यलो होतो, दशरथभाऊ," तो म्हणाला. "नदी लय दूर पडते."

"तर मग तोंडानं सांगाचं ना!"

"सांगून केलं असतं तर ते तुमचं झालं असतं का जी?"

त्याच्या मागून टोपल्यांची रांग लागली. दुपारी शेठची जीप आली आणि तिच्यातून दामले उतरला. भरलेलं अंगण बघून शेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"बघ दशरथ! याला म्हणतात अभ्यास."

मी म्हणालो, "शेठ, भट्टी हलवून कुणी आलं नव्हतं. मी अंगण सारवलं तेव्हा आले." आणि भागरताबाईचं सगळं सांगितलं.

दामलेनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग शेठकडे वळून म्हणाला, "मी अर्ध्यावरच थांबलो होतो. भट्टी उचलली म्हणजे झालं, असं समजलो. खरं उत्तर दशरथभाऊंनी काढलं. हे यांचं काम आहे."

तो मनापासून बोलत होता. माणूस चांगला होता, हीच माझी खरी अडचण. लबाड असता तर मी त्याला तिथेच सडकेवर ओढला असता.

शेठ हसले. "दशरथ मेहनती आहेच. सारवलंसुद्धा! पण डोकं लागतं, दामले, डोकं." आणि माझ्यादेखत, टोपल्यांच्या रांगेसमोर, त्यांनी व्यवस्थापकाची जागा दामलेला देऊ केली.

लटारू टोपलीपाशी उकिडवा बसून ऐकत होता.  पोती उचलण्यापासून त्या ओसरीपर्यंतची माझी सगळी वर्षं त्या एका वाक्यात दुसऱ्याच्या पदरात पडली होती.

दामले म्हणाला, "मला नको. माझा प्रबंध व्हायचा आहे. आणि मला कोशाचा भाव करता येत नाही."

"मग?" शेठ म्हणाले.

"मग दशरथभाऊ आहेत की."

शेठनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिथे आत्ताच उगवलो होतो. "हो. बरोबर. दशरथ आहे."

अशी मला ती जागा मिळाली. माझीच जागा, त्यानं नको म्हटल्यावर. मी तिथेच पगारावर घासाघीस केली आणि शेठनी कबूल करेपर्यंत सोडलं नाही. तेवढं तरी पूर्णपणे माझं होतं.

केंद्र टिकलं. पुढे नदीच्या या अंगाला आणखी केंद्रं निघाली. पेढीनं नियम केला, की नवीन केंद्र काढायच्या आधी माणसानं त्या गावात जाऊन राहायचं, भावाची भाषा काढायची नाही, लोकांना फक्त त्यांचा कालचा दिवस विचारायचा. नियम उत्तम होता. मीच तो निवृत्त होईपर्यंत पाळला आणि हाताखालच्यांना शिकवला. तलावाच्या पाळींवर बसून माझे गुडघे गेले. पण पेढीच्या कागदोपत्री त्या नियमाचं नाव होतं, दामले पाहणी. नवीन पोरं मला विचारायची, "साहेब, दामले पाहणी कशी करायची?" आणि मी सांगायचो.

दामलेचा प्रबंध झाला. त्याची एक प्रत त्यानं मला पाठवली. पहिल्याच पानावर माझे आभार मानले होते, लटारूच्या खाली.

वाचकांनी यातून घ्यायचं ते असं. समोरचा माणूस विचित्र वागतोय असं वाटलं, तर आधी त्याचा कालचा दिवस विचारा. भाव मग काढा. आणि उत्तर सापडलं, तर अंगण सारवण्याच्या आधी मालकाला तार करा.